यंत्र, नियम आणि कान

कऱ्हेच्या काठी बारामतीस राहून मोरोपंतांनी जी अनेक रामायणे रचली, त्यांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे त्यात येऊ द्यायची नाहीत, असा निर्बंध पंतांनी स्वतःस घालून घेतला होता. चरित्र सांगायचे रामाचे, आणि रामाचे नाव मात्र घ्यायचे नाही. कारण त्या नावातच मकार आहे! या खटाटोपाला शब्दांची कसरत म्हणून नाक मुरडणारे रसिक पूर्वीही होते आणि आजही आहेत. आम्हांस मात्र या कसरतीत एक जुना आणि महत्त्वाचा प्रश्न दिसतो. नियमाने रचना होते काय? आणि होत असेल, तर नियम पाळण्याचे काम यंत्राकडे सोपवल्यावर माणसाकडे काय उरते?

हा प्रश्न संगणकाच्या युगाने आणला, असा समज आहे. तो तपासून पाहण्यासाठी आपण पंतांच्या आर्येपासूनच आरंभ करू. गीती या आर्येच्या प्रकारात पहिल्या चरणाच्या मात्रा बारा आणि दुसऱ्याच्या अठरा असतात. तिसरा-चौथा चरण याचीच पुनरावृत्ती. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. आता नुसत्या बारा मात्रा लघुगुरूंनी भरायच्या म्हटल्या, तर त्या 233 रीतींनी भरता येतात. पण शास्त्र सांगते की चरणाचे चार-चार मात्रांचे गण पडले पाहिजेत. चार मात्रांचा गण पाच प्रकारांनी होतो. तेव्हा तीन गणांच्या रीती झाल्या 125. शास्त्र आणखी सांगते की विषम स्थानी ज-गण, म्हणजे लघु-गुरु-लघु, येऊ नये. मग पहिल्या गणाला चार प्रकार उरले, दुसऱ्याला पाच आणि तिसऱ्याला चार. म्हणजे एकूण 80. दोनशे तेहेतिसांवरून आपण ऐंशींवर आलो, आणि अजून एक शब्दही लिहिला नाही. इथवरचे काम हिशेबाचे आहे. ते कोणीही करील, यंत्रही करील. त्या ऐंशींतून कीर्तनकाराच्या तोंडी बसेल अशी एक निवडणे, हे काम पंतांचे.

हिशेबाची ही विद्या संगीतातही फार पूर्वी आली, आणि तीही महाराष्ट्राच्या भूमीत. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन क्रम पालटीत गेले, तर 5040 क्रम होतात. हे सगळे पाठ कोण करणार? म्हणून शार्ङ्गदेवाने ‘खंडमेरू’ नावाचा आकड्यांचा कोठा दिला. त्याच्या घरांत खडे ठेवून बेरीज करीत गेले की अमुक क्रमांकाची तान कोणती, हे सांगता येते. आणि तान दिली असता तिचा क्रमांक काढता येतो. पहिल्या कृतीस त्याने ‘नष्ट’ म्हटले, दुसरीस ‘उद्दिष्ट’. संगणकशास्त्रात ज्याला अल्गोरिदम म्हणतात, ती पायरी-पायरीने उत्तरापर्यंत नेणारी रीत हीच. तेव्हा संगीताची गणिती मांडणी पश्चिमेकडून आली, असे आपणांस म्हणता येणार नाही. परंतु 5040 ताना मोजता आल्या म्हणून कोणी त्या ओळीने गाऊन दाखवल्या नाहीत. खडे मोजीत होते. निवड गवयाचा कान करीत होता.

प्रत्यक्ष यंत्र आपल्या गाण्यात शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेटीच्या रूपाने. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे ऑर्गन आणि पेटी यांनी रंगमंचापुढची जागा घेतली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताच्या हाती ही परदेशी पेटी मराठी बोलू लागली. तिचा दोष मात्र जाणत्यांना आरंभापासून सलत होता. पेटीच्या पट्ट्या बारा आणि त्यांचे स्वर कायमचे ठरलेले. दोन पट्ट्यांमधली श्रुती तिला नाही आणि मींडही नाही.

यावर एक धाडसी प्रयोग झाला तो सांगलीस. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणारे स्वर ताणलेल्या तारेशी पडताळून मोजले आणि 1910 साली बावीस श्रुतींवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने त्यांनी या मापांवर श्रुति-हार्मोनियम तयार करविली. हेतू स्तुत्य होता. पण 1916 साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा तेथे या पेटीवरून वाद झाला आणि भातखंड्यांसारख्या विद्वानांना तिचा पक्ष पटला नाही. त्या वादाच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. त्यातले एक मर्म मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एका गवयाच्या गळ्यातून माप घेतले, ते मापात ओतून पेटी केली, आणि मग ती पेटी इतर गवयांचे गळे तपासायला बसवली! खाँसाहेब तोच राग दुसऱ्या दिवशी अंमळ निराळ्या गंधाराने गायले असते, तर चूक कोणाची धरायची? येथे यंत्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उठून न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसले होते.

याच्या उलट टोकाचा निवाडा आकाशवाणीने दिला. 1 मार्च 1940 पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. ती पुढे तीस वर्षांहून अधिक टिकली आणि 1971 साली काही अंशी सैल झाली. या तीस वर्षांत काय घडले? नभोवाणीवर जी पेटी वाजली नाही, ती देवळात वाजली, शाळेत वाजली, लग्नघरी आणि भजनात वाजली. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी सरकारी बंदी जाणली तरी नाही. यंत्राला हद्दपार करून प्रश्न सुटत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

दरम्यान जगात निराळेच वारे वाहू लागले होते. 1957 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅकसन यांनी संगणकाकडून नियमांप्रमाणे स्वर निवडून घेतले आणि त्यांतून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी एक रचना सिद्ध केली. रचना यंत्राच्या हिशेबाची, पण वाजवणारे चौघे हाडामांसाचे वादक. 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसविला, आणि विजेपासून नाद घडविण्याचे प्रयोग आपल्या शेजारीच सुरू झाले. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या तालयंत्रांच्या साथीवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे त्या काळी कोणी लक्ष दिले नाही. विसाव्या शतकाबरोबर ती विसरलीही गेली असती, पण पुढे परदेशातल्या तरुणांनी ती शोधून डोक्यावर घेतली.

परंतु आमच्या मते या सर्वांहून बोधप्रद प्रयोग झाला तो तबल्यावर. 1980 नंतरच्या वर्षांत जेम्स किपेन हे ब्रिटिश अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचा विस्तार कसा होतो, हे आपल्यापैकी तबला ऐकणारे जाणतात. मुखड्यात जे बोल आले तेच घ्यायचे, त्यांचे पलटे करायचे, भरी-खालीचे भान ठेवायचे आणि शेवट बिघडू द्यायचा नाही. हे नियम उस्ताद पाळतात, पण विचारले तर सांगतीलच असे नाही. ते हातात असतात. किपेन यांनी बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाची मदत घेतली. बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची संगणकप्रणाली रचली. भाषेचे व्याकरण मांडावे तसे कायद्याचे व्याकरण तीत मांडायचे, मग त्या नियमांनी यंत्राने नवे पलटे काढायचे, आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणणार: हा चालेल, हा चालणार नाही. जो चालला नाही, त्यावरून नियम दुरुस्त करायचा आणि पुन्हा विचारायचे.

सांगलीचा आणि लखनौचा प्रयोग आपण शेजारी ठेवून पाहू. दोन्हींत मूळ ज्ञान गुणीजनांचे आणि दोन्हींत ते यंत्रात उतरले. पण सांगलीत माप एकदा घेतले आणि ते कायम झाले. लखनौत शेवटचा शब्द उस्तादांचा राहिला. यंत्र विद्यार्थी होऊन चुका करीत गेले. आणि त्याच्या चुकांमुळेच, उस्तादांनी एरवी कधी बोलून दाखवले नसते असे बारकावे त्यांच्या तोंडून बाहेर आले. पुढे याच प्रणालीची सुधारलेली आवृत्ती वापरून बेल यांनी ताल-स्वरांच्या रचना केल्या, आणि 1994 साली मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत आंद्रेइन बेल यांच्या ‘क्रोनॉस’ या नृत्यकृतीत त्या वापरल्या गेल्या. हिशेब संगणकाचा आणि पावले नर्तकांची, असा तो संगम होता.

आता आपल्या घरी येऊ. 1979 च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा बाजारात आणला. पाठोपाठ तबल्याचे ठेके देणारी यंत्रे आली आणि आता तर ती खिशातल्या फोनमध्ये येऊन बसली आहेत. बारामतीत वा इंदापुरात एकट्याने रियाज करणाऱ्या मुलाला साथीदार कोठून मिळावा? त्याला ही पेटी मोठाच आधार आहे, आणि तिची टिंगल करणे आम्हांस मान्य नाही. पण आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापूरकडे जाते, तेव्हा दिंडीतला मृदंगी काय करतो ते पाहावे. चढ आला की त्याची लय हलकेच बसते. पुढे रिंगणाची चाहूल लागली की ती उठते. तो मात्रा मोजीत नाही असे नव्हे. मोजता मोजता तो वीणेकऱ्याकडे, टाळकऱ्यांच्या पावलांकडे आणि म्हाताऱ्या माणसांच्या थकव्याकडे पाहत असतो. यंत्राची लय चुकत नाही. पण ती कोणासाठी थांबतही नाही.

ही जाण कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. ती आपल्या दोन तालुक्यांतल्या वयोवृद्ध पखवाजवादकांच्या हातांत आहे, आणि त्यांची संख्या वाढणारी नाही. ठेका फोनमधून मिळू लागला म्हणजे त्यांच्यापुढे शिकायला बसण्याची गरज कोणास वाटेनाशी होईल, ही खरी भीती आहे. यंत्र वाईट वाजवते हे भय नव्हे. ते पुरेसे बरे वाजवते, हेच भय आहे.

म्हणून आमची सूचना अशी की लखनौचा कित्ता येथे गिरवावा. आपल्या गावांत आता महाविद्यालये आहेत, संगणक जाणणारी तरुण मुले-मुली आहेत. त्यांनी भजनी ठेक्याचे नियम लिहून काढावेत, यंत्राकडून ठेके करवून घ्यावेत, आणि एखाद्या जुन्या मृदंग्याला बोलावून ते ऐकवावेत. तो मान हलवून ‘असं नाही’ म्हणेल. मग हातातली वही उघडून त्याला विचारावे, “बुवा, मग कसं?” तो बहुधा सांगणार नाही, पखवाज पुढे ओढून वाजवून दाखवील. ते नीट ऐकावे आणि पुन्हा नियम लिहायला बसावे.