सुडोकू, ऑयलरचा अंदाज आणि श्रीखंडे

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले, आणि रोज पेपरातलं सुडोकू कसलं सोडवत बसता?" प्रश्नात जरा टिंगल होती. असू द्या.

सुडोकू मला निवृत्तीनंतर नातीनं शिकवलं. मी थेट पेनानं भरायचो. एका घरात ४ किंवा ७ बसतोय, ७ बरा दिसतोय, लिहून टाका! अर्ध्या तासानं एकाच उभ्या ओळीत दोन ७. नात म्हणाली, "आबा, तुम्ही अंदाज मारता." आयुष्यभर वर्गात न्यायदर्शन शिकवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं!

कारण सुडोकूची रीत न्यायदर्शनात आहेच. वात्स्यायनानं 'शेषवत्' अनुमानाचा एक अर्थ परिशेष असा सांगितला आहे. जे जे संभवतं ते मांडायचं, एकेक बाद करायचं, उरेल ते स्वीकारायचं. आडव्या ओळीत ४ आहे, म्हणून या घरात ४ नाही. मग ७ नुसता 'बरा दिसत' नाही, तो असलाच पाहिजे. सगळी गंमत त्या 'च'मध्ये आहे.

आता इतिहास. सुडोकू हे नाव जपानी, पण खेळ १९७९ साली अमेरिकेत डेलच्या मासिकात 'नंबर प्लेस' म्हणून छापला गेला. त्याच्या पोटात आहे लॅटिन चौरस: प्रत्येक चिन्ह दर आडव्या आणि उभ्या ओळीत एकदाच. लिओनार्ड ऑयलरनं यावरच एक कोडं घातलं. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी. या ३६ जणांना ६ बाय ६ मध्ये असं उभं करा, की प्रत्येक ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. त्याला जमेना. २ बाय २ चं तर जमत नाहीच. मग १७८२ च्या निबंधात त्यानं म्हटलं, की ६, १०, १४, १८ अशा कुठल्याच आकड्याला हे जमणार नाही.

न्यायाच्या भाषेत याला म्हणतात घाईची व्याप्ती. दोन ठिकाणी धूर दिसला, आणि सगळ्या डोंगरांवर आग!

सहाचा निकाल १९०० साली गास्तों तारी या फ्रेंच हौशी गणितज्ञानं लावला. सगळे प्रकार तपासून, एकेक बाद करून. परिशेषच की हो! तिथे ऑयलर बरोबर ठरला. पण बाकीचे आकडे? एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द, तो १७७ वर्षं टिकला.

तो मोडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात. १९५९ मध्ये त्यांनी आणि राजचंद्र बोस यांनी २२ बाय २२ चा चौरस रचून दाखवला. मग अर्नेस्ट पार्करनं १० चा रचला, आणि तिघांनी मिळून सिद्ध केलं की ६ च्या पुढे ऑयलरचा अंदाज प्रत्येक ठिकाणी चुकतो. न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर बातमी छापली. गणिताची बातमी, पहिल्या पानावर!

श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० साली, १०२ वर्षांचे होऊन गेले. आज इथे किती जणांनी हे नाव आधी ऐकलं होतं? हात वर करा.

तीन. बरं.