दप्तराचं ओझं: जीआर आहे, काटा कुठाय?

सकाळी सोलापुरातल्या कुठल्याही शाळेच्या जिन्यापाशी उभं राहून बघा. पोरं पुढं वाकून, पट्टे धरून चढतात. मान, खांदे, पाठ, सगळं ताणलेलं.

मंडळी, हे दुखणं आजचं नाही. लेखक आर. के. नारायण १९८९ मध्ये राज्यसभेत बोलले ते याच ओझ्यावर. मग प्रा. यशपाल समिती बसली, १९९३ मध्ये अहवाल आला. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजता शिकण्याचं ओझं वाईट, असं समितीनं सांगितलं. पुढं प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. २०१५ मध्ये राज्याचा जीआर निघाला: दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आतच हवं.

वर्षभरानं, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी थेट पत्रकार परिषद घेतली. आठ विषय, रोज सोळा पुस्तकं-वह्या, वर्ग तिसऱ्या मजल्यावर. जीआरचं काय झालं, ते पोरांनीच सांगितलं!

२०२३ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांचे चार भाग झाले, आत वहीची कोरी पानं आली. दोनच वर्षांत ती पानं बंद.

कागद निघत राहिले. म्हणून आज रात्री आपणच मोजू. पोराला आधी नुसतं काट्यावर उभं करा, मग दप्तरासकट. पोर २५ किलोचं असेल, तर दप्तर अडीच किलोपर्यंत. जास्त भरलं तर वेळापत्रक बघून नको ते काढा. तरी उतरलं नाही, तर तो आकडा पालकसभेत मांडा. आणि हो, खाली कमेंटमध्येही टाका.