स्नायूपरीक्षण : पोलिओच्या रुग्णालयापासून पर्यायी उपचारांपर्यंत

रुग्णाने हात समोर ताठ धरावा, परीक्षकाने तो खाली दाबावा व प्रतिकार अजमावावा, एवढीच ही कृती. पाश्चात्य देशांतील काही पर्यायी उपचारक तिच्या आधारे ॲलर्जी, जीवनसत्त्वांची उणीव, इतकेच नव्हे तर दडपलेल्या भावनाही ओळखता येतात असे मानतात. तिचा उगम मात्र निराळ्याच गरजेतून झाला आहे.

बॉस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट यांच्याकडे पोलिओने लुळी पडलेली मुले येत. कोणत्या स्नायूत किती बळ उरले आहे, हे कळल्यावाचून व्यायाम ठरविता येत नसे. त्यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट यांनी १९१२ मध्ये गुरुत्वाकर्षण व हाताचा दाब यांवर आधारित पद्धत प्रसिद्ध केली. पुढे हेन्री व फ्लॉरेन्स केंडल या दांपत्याने १९४९ च्या ग्रंथात तिला शिस्तबद्ध रूप दिले. येथे प्रश्न स्नायूविषयी होता आणि उत्तरही स्नायूविषयीच होते.

१९६४ मध्ये डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांनी या मर्यादेबाहेर पाऊल टाकले. स्नायूचा दुबळेपणा म्हणजे एखाद्या अवयवातील बिघाडाची खूण, असे त्यांनी मांडले व त्यास चिनी ॲक्युपंक्चरमधील मार्गांची जोड दिली. ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’ ती हीच. जॉन थाय यांच्या १९७३ च्या ‘टच फॉर हेल्थ’ने ती सामान्यांच्या हाती दिली. कृती तीच राहिली. तिला विचारावयाचा प्रश्न मात्र पार बदलला. प्रस्तुत लेखकास खरी मेख येथेच दिसते.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन अनुभवी परीक्षकांनी अकरा व्यक्तींमधील थायमिन, जस्त, ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वे तपासली. त्यांचे निष्कर्ष प्रयोगशाळेशी जुळले नाहीत, परस्परांशीही नाहीत! यात लबाडीच असते असे नव्हे. अपेक्षेमुळे नकळत स्नायू हलतात, हे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच दाखविले होते. परीक्षकाचा दाब थोडा लवकर वा थोडा तिरपा पडला, तरी हात खाली जातो.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर गांधीलमाशीच्या विषाची ॲलर्जी सिद्ध झालेले रुग्ण होते. तेथेही या परीक्षणाची अचूकता नाणेफेकीपलीकडे गेली नाही. अशा रुग्णास एकच दंश प्राणघातक ठरू शकतो.