कॅम्पातला पापड

मुरबाडात लग्नाचा बस्ता काढला की म्हातारी माणसं अजून ‘कॅम्पात जाऊ’ म्हणतात. उल्हासनगर हे नाव तोंडी बसायला आमच्याकडे दोन पिढ्या गेल्या. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी ८ ऑगस्ट १९४९ ला तिथे पायाचा दगड बसवला. त्याआधी ती दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती आणि फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधली कुटुंबं उतरली होती.

आजोबा तिथे सरपण विकायचे. रात्री भाकर खाऊन गाडी जुंपली की झुंजूमुंजू होताना शहाड. पहिल्याच खेपेला एका बाईने मोळी उतरवून घेतली आणि पाण्यासोबत भाजलेला पापड पुढे केला. आमच्याकडे गूळपाणी, पापड सणाच्या पानात. ‘घरदार सोडून आली ती, आणि पाव्हणा मला केलं!’ आजोबा मरेपर्यंत सांगायचे. गोणपाट टांगून एकेका बराकीत किती संसार मांडले होते, तेही.

मी अर्ज लिहून पोट भरलं, म्हणून माझी नजर कागदावर. या लोकांना आपण निर्वासित म्हटलं, पण त्यांना तारणारा कागद निर्वासितांचा नव्हता. तसा कायदा देशात आजही नाही. तारलं ते संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने: स्वतःचा, आईबापाचा किंवा आजीआजोबांचा जन्म अखंड भारतातला आणि १९ जुलै १९४८ पूर्वी इथे येऊन राहिलेला, तर नागरिक. नंतर आलेल्याने सहा महिने राहून अर्ज करायचा. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा १९५४ चा. कॅम्पात त्याला एकच शब्द, ‘क्लेम’.

जिनिव्हाचा निर्वासित करार १९५१ चा. जिथे जिवाला धोका, तिथे माणसाला परत ढकलू नका, असं त्याचं ३३ वं कलम. भारताने त्यावर सही केलेली नाही. १९५९ नंतर तिबेटींना जागा मिळाली ती सरकारच्या मर्जीने. १९९६ ला चकमांना सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं, तेही जगण्याच्या हक्काच्या २१ व्या अनुच्छेदाखाली. म्हणजे पुन्हा उसना कागद.

शहापुरात भातसा धरणाने उठवलेल्यांनी सीमा ओलांडली नाही, त्यामुळे ते जिनिव्हाच्या व्याख्येत बसतच नाहीत. त्यांच्यातल्या एकाच्या अर्जात मी ‘निर्वासित’ लिहिलं होतं. कारकुनाने लाल शाईने खोडलं, वर ‘धरणग्रस्त’ लिहिलं आणि नवी प्रत मागितली.