पद्मपूरचा कुतप

दिवाळी आटोपली की आमगावच्या पंचक्रोशीत मंडया भरतात. अशाच एका मंडईत तुम्ही खडी गंमत बघत उभे आहात. ढोलकी कमरेला बांधलेली, शेजारी तुणतुणं आणि टाळ; वाजवणारे सगळे उभ्यानेच वाजवतात. त्या ढोलकीची थाप धरून मागे चला. विजेचे खांब जातात, रेल्वेचे रूळ जातात, झाडी दाटत येते.

आठवं शतक. गाव पद्मपूर. आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं आणि मला ते मनापासून पटतं.

देवळापुढे नाटक व्हायचं आहे. नेपथ्यगृहाच्या दोन दारांच्या मधोमध वादकांचा ताफा बसला आहे. त्याला इथे कुतप म्हणतात. तुम्ही पुष्कर वाजवणाऱ्याजवळ बसा. नदीकाठची काळी माती तो ओंजळीत घेतो, खडे वेचतो, पाण्याने मळतो आणि चामड्यावर तिचा थर देतो. थाप मारून ऐकतो. बोटाने जराशी माती निपटतो. पुन्हा थाप. चामड्यावर वजन आलं की कंप मंदावतो, नाद खाली उतरतो. असं करत करत तो वीणेच्या स्वराशी येऊन मिळतो. माती नसेल तर गव्हाचं किंवा जवाचं पीठ लावावं, हेही भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलं आहे. भजनाला बसण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती तुम्ही पाहिलीच असेल.

आता सगळा कुतप नजरेखालून घाला. वीणा तत म्हणजे तारेची, बासरी सुषिर म्हणजे फुंकीची, पुष्कर अवनद्ध म्हणजे चामड्याने मढवलेला, टाळ घन म्हणजे ठोस धातूचा; हे भरताचे चार वर्ग. मंडईतलं तुणतुणं, ढोलकी आणि टाळही याच घरांत बसतात. 1880 मध्ये ब्रुसेल्सच्या संग्रहातली वाद्यं लावताना व्हिक्टर माहियोंनीही असेच चार वर्ग केले आणि 1914 मध्ये होर्नबोस्टेल व साक्स यांनी त्यावरच आपली मांडणी उभी केली. जगभरचे संग्राहक आजही ती वापरतात. भरताची नजर किती पक्की होती!

इथे पेटी शोधू नका. पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट निघायला 1842 साल उजाडावं लागेल. थाटाबद्दलही विचारू नका. भातखंड्यांचे दहा थाट विसाव्या शतकातले. इथली माणसं 22 श्रुती, दोन ग्राम, मूर्च्छना आणि जाती यांच्या भाषेत बोलतात. रागाची चर्चा मतंगाच्या ‘बृहद्देशी’पासून रुजते आहे.

गर्दीत नीलकंठांचा मुलगा श्रीकंठ बसला आहे, असं मी धरून चालतो. हाच पुढे नाटककार भवभूती होईल, आणि ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत विदर्भातल्या या पद्मपुराचं नाव सूत्रधाराच्या तोंडी घालेल. आमगावच्या महाविद्यालयालाही त्याचंच नाव आहे. थोडं सरकून त्याला पुढे जागा द्या. वादन संपत आलं, आता नांदी.