वक्ररेषेचे यंत्र : ‘स्केचपॅड’ प्रबंधाच्या एका परिशिष्टाविषयी

आयव्हन सदरलंड यांचा ‘स्केचपॅड’ हा प्रबंध १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला सादर झाला. प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट आकृती काढता येते, या नवलासाठीच सहसा त्याचा उल्लेख होतो. परंतु वक्ररेषा काढणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेचा प्रस्तावही त्याच्या एका परिशिष्टात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, आरंभीच्या संगणकीय आलेखनाची खरी अडचण तेथेच उघड होते.

लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ संगणकाच्या पडद्याला रेषा ठाऊक नव्हती, ठिपका तेवढा ठाऊक होता. आडव्या व उभ्या प्रत्येकी १०२४ स्थानांपैकी सांगितलेल्या जागी तो उमटे आणि लगेच विझे. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याचे स्थान आधी गणून स्मृतीत साठवावे लागे व तीच यादी पुनःपुन्हा पडद्याकडे पाठवावी लागे. आकृती वाढली की चित्र लुकलुकू लागे. विचार करण्यासाठी बांधलेले महागडे यंत्र ठिपके टिपण्यातच गुंतून पडे.

प्रस्तावाचा आधार ‘डिजिटल डिफरन्शियल अ‍ॅनालायझर’ या तत्त्वाचा होता. येथे सारे काम बेरजेवर चालते. रजिस्टरमध्ये ठरावीक वाढ मिळवत जायची. ते भरून वाहिले की ठिपका एक पाऊल सरकतो. सरळ रेषेस एवढे पुरते. वर्तुळासाठी मात्र दोन रजिस्टरे परस्परांत गुंतवावी लागतात : आडव्या स्थानातील बदल उभ्या स्थानाच्या प्रमाणात, तर उभ्यातील बदल आडव्याच्या प्रमाणात, पण विरुद्ध चिन्हाने. वर्गमूळ नको, त्रिकोणमितीची कोष्टके नकोत. यातील एक खोच लक्षणीय आहे. दोन्ही बदल जुन्याच स्थानांवरून मोजले, तर वर्तुळ मिटत नाही. ते सर्पिलाप्रमाणे बाहेर पसरत जाते. दुसरा बदल पहिल्याच्या नव्या मूल्यावरून मोजला की टोके जुळतात.

पुढे रेषाजनक व वक्रजनक मंडले प्रदर्शन-यंत्रणांत आली. पण मूळ प्रश्न मिटला नाही. १९६८ साली टी. एच. मायर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात सदरलंड यांनीच तो मिश्किलपणे मांडला. पडद्याच्या यंत्रणेला एकेक सोय जोडत गेल्यावर अखेर तिचाच एक पूर्ण संगणक होतो, आणि मग त्या संगणकाचा भार हलका करण्यासाठी पुन्हा एक साधी प्रदर्शन-यंत्रणा हवीशी वाटू लागते. या फेऱ्याला त्यांनी पुनर्जन्माचे चक्र म्हटले.