बोटे झडत नाहीत

‘महारोगाने बोटे झडतात’ असे आपल्याकडे शिकलेली माणसेही सर्रास बोलतात. बोटे झडत नाहीत. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ साली शोधला. तो त्वचेत व मज्जातंतूंत घर करतो. आधी अंगावर बधिर चट्टा येतो. कोपरामागचा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आत वळतात. घोट्यामागचा गेला की पायाची बोटे आकसतात, तळवा बधिर होतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस कामावर जातो. जखम चिघळत हाडापर्यंत पोचते आणि हाड झिजून बोट आखूड होते.

चकलांबा हे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याचे गाव. या जिल्ह्यातून दरसाल हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. बधिर मूठ कोयत्यावर किती आवळली हे त्या मुठीला कळत नाही. फडातले धसकट तळव्यात रुतले तरी पाऊल थांबत नाही. वेळीच औषध आणि विश्रांती ज्याला परवडते, त्याची बोटे शाबूत राहतात. तेव्हा ही व्यंगे एकट्या जंतूने केली असे म्हणणे अर्धसत्य आहे.

शास्त्रकारांनी मात्र कारण आधीच ठरवून ठेवले होते. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय रोगांना पापाचे फळ मानतो. वस्त्रचोराला तो पांढरे कोड देतो. रोगीच गुन्हेगार ठरला, की त्याची सेवा करण्याचा प्रश्न उरत नाही!

इंग्रज सरकारने १८९८ साली कुष्ठरोग्यांसाठी कायदा केला. त्यात पोलिसाने विनावॉरंट पकडायचे कोणाला? तर भीक मागणाऱ्या, उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्याला. बंगल्यातल्या रोग्याला ही कलमे शिवत नव्हती. शिवाय अधिसूचना काढून रोग्याला अन्नविक्रीची बंदी करता येई, भाड्याच्या गाडीत बसण्याची करता येई, आणि स्थानिक नियमाने मज्जाव केलेल्या सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर पाणी घेण्याचीही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाला या शेवटच्या बंदीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. बीड १८९८ साली निजामाच्या राज्यात होते, इंग्रजांचा कायदा तेथवर पोचत नव्हता. पण गावकुसाबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांना कायद्यावाचून ठाऊक होते.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी स्नायुबंध फिरवून वळलेली बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार देशात आला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. १८९८चा तो कायदा संसदेने रद्द केला २०१६ साली.